गुण कोणाचे, पुण्याई कोणाची

दहावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीकडे दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पोरगं चमकलं तर ‘घराण्याची पुण्याई’ आणि मागे राहिलं तर ‘घरात बघणारं कुणी नव्हतं’. श्रेय असो वा दोष, जातो घराकडेच. या समजुतीत तथ्य आहे, म्हणूनच पुढचा प्रश्न टाळता येत नाही: जे घर मुलानं निवडलेलं नाही, त्याचं फळ गुणपत्रिकेवर त्याच्या एकट्याच्या नावानं का लिहावं? कुटुंबरचनेची चर्चा बहुधा एकत्र चांगलं की विभक्त, एवढ्यावरच अडते. पण इथल्या दुष्काळी पट्ट्यात घराची रचना पाऊस आणि रोजगार ठरवत आले आहेत. माण-खटावचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामाला गेले. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पांगले. मागे उरली आजी, आई आणि मुलं. या घराला एकत्र म्हणायचं की विभक्त? समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुव्याच्या अभ्यासातून १९६४ साली दाखवून दिलं, की राहणं वेगळं झालं तरी मालमत्तेचे आणि कर्तव्यांचे धागे तुटत नाहीत. नुसत्या चुली मोजून कुटुंब समजत नाही.

तरीही रचनेचा काहीच परिणाम होत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या अहवालात मुलांच्या गुणांचा संबंध शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक असल्याचं आढळलं. १९९४ मध्ये सारा मॅक्लानहन आणि गॅरी सँडफर यांनी एकाच पालकाजवळ वाढणारी मुलं शिक्षणात मागे पडतात हे मांडलं. पण त्या फरकाचा सुमारे निम्मा भाग कमी उत्पन्नातून येतो, हेही त्यांनीच सांगितलं. उरलेल्यात पालकांचा वेळ, देखरेख आणि सारखं घर बदलणं यांचा मोठा वाटा होता. तो देश वेगळा, पण कारणं ओळखीची आहेत. दहावीतल्या मुलीला संध्याकाळी दोन तास मोकळे मिळतात का, हे एकत्र कुटुंबातही गृहीत धरता येत नाही. आजी हातीपायी धड असेल तर धाकट्या भावंडांचा भार उतरतो. दहा माणसांच्या भाकरी थापायच्या असतील तर त्या मुलीवरच दुप्पट भार पडतो. अभ्यासाला लागतो मोकळा वेळ, पोटभर जेवण आणि ‘आज काय शिकलास?’ असं रोज विचारणारं माणूस. रक्ताचं नातं ते देऊ शकतं, पण ते फक्त रक्ताच्या नात्यानंच द्यावं असं नाही.

याची कसोटी साताऱ्यातच लागली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथं एका पंगतीत जेवली, एकत्र राबली आणि शिकली. भाऊरावांना ती अण्णा म्हणत. मुलांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मूळची जिद्दी मुलंच तिथं आली असतील, असा आक्षेप घेता येतो आणि तो अर्धा खराही आहे. पण तशीच जिद्द असलेली मुलं आधीच्या पिढ्यांतही असणारच. त्यांना जेवण, जागा आणि विचारणारं माणूस मिळालं नाही. फरक या सोयीनं पडला, आणि ती माणसांनी ठरवून उभी केली होती.

सर्वांत कठीण आक्षेप धर्माच्या बाजूनं येतो. जन्माचं घर पूर्वकर्मानं मिळतं, असं आपली परंपरा सांगते. गीतेच्या सहाव्या अध्यायात योगभ्रष्टाला शुद्ध आणि संपन्न घरी जन्म मिळतो. मग विपन्न घरही ज्याचं त्याचं प्रारब्धच म्हणायचं का? हा सिद्धांत मानला तरी त्यातून शेजाऱ्याची सुटका होत नाही. कर्मविचार अत्यंत काटेकोरपणे मांडणाऱ्या जैन धर्मातच आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दानं सांगितली आहेत, आणि भाऊराव जैन घराण्यातलेच. समोरच्याचं कर्म त्याचं असेल, पण त्याला न शिकवणं हे माझं कर्म ठरतं. छांदोग्य उपनिषदात सत्यकामाला गुरू गोत्र विचारतात. ते त्याच्या आईलाच ठाऊक नसतं. तो तसं सरळ सांगतो आणि त्या खरेपणावरच गुरू त्याला शिष्य करून घेतात. घराविषयीचा प्रश्न तिथं प्रवेशाच्या आड आला नाही.

समाजानं इतकं अंगावर घेतलं तर आईबाप जबाबदारी झटकतील, अशी धास्ती काहींना वाटते. दर हंगामात बीडकडून इथल्या कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड जोडप्यांकडे पाहावं. पोरांची शाळा बुडू नये म्हणून त्यांतली कित्येकजण त्यांना गावी आजीपाशी ठेवून येतात. त्यांनी जबाबदारी झटकलेली नाही; पाच-सहा महिने त्या आजीच्या जोडीला कुणी उभं राहत नाही, आणि निकालाच्या दिवशी बोट मात्र त्याच घराकडे दाखवलं जातं.