पिठाचा कोंबडा

यशोधर राजाची कथा आम्हा जैनांच्या घरात लहानपणीच कानावर पडते. बेळगावकडे तर ती दोन्ही भाषांतून येते. जन्न कवीचं कन्नड ‘यशोधरचरिते’ १२०९ सालचं. देवीला कोंबड्याचा बळी दे म्हणून आई हट्ट धरते, राजा जीव मारायला तयार होत नाही, शेवटी तडजोड निघते आणि पिठाचा कोंबडा करून त्याच्यावर शस्त्र चालवतात. रक्ताचा थेंब नाही. तरी मायलेकांना पशुपक्ष्यांचे किती जन्म फिरावं लागतं! कारण वार करताना मनात कोंबडाच होता.

आमच्या भागातल्या एका शाळेतल्या प्रकरणावरून ही कथा मला पुन्हा आठवली. नववीतल्या मुलाच्या दप्तरात प्लॅस्टिकचं पिस्तूल निघालं. दिवाळीत टिकल्या वाजवायला घेतो तसलं रंगीत नाही; काळं, लांबून खरं वाटावं असं. मधल्या सुट्टीत त्यानं ते वर्गातल्या एकावर रोखलं, तो मुलगा घाबरून रडला. दुसऱ्या दिवशी घरी निरोप गेला : दाखला घेऊन जा. मग गल्लीत दोन तट. एक म्हणे, खेळणंच तर होतं, गोळी थोडीच सुटणार होती? दुसरा म्हणे, आज खेळणं आणलं, उद्या खरं आणेल.

दोघांचीही नजर वस्तूवर. मुलाच्या मनात काय होतं, हे ना गल्लीनं विचारलं ना शाळेनं. शिवजयंतीला तोच मुलगा पुठ्ठ्याची तलवार उपसून स्टेजवर उभा राहतो तेव्हा शाळाच टाळ्या वाजवते. आणि ते बरोबरच आहे, तिथं भाव वेगळा असतो. उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्राण घेण्याच्या आधी प्रमाद ठेवला आहे, म्हणजे मनाचं बेभान, कषायानं भरलेलं असणं. त्या दृष्टीनं ‘खेळणंच तर होतं’ हे उत्तर अपुरं आहे. समोरच्याला घाबरवायचं ठरवून रोखलं असेल, तर ती हिंसाच झाली.

मग द्या की दाखला, असं कुणी म्हणेल. पण यशोधराला जन्मोजन्म फिरवलं ते कर्मानं. कर्माचा हिशेब कर्म बघून घेईल, मुख्याध्यापकांनी तो हातात घ्यायचं कारण नाही.

‘आमची झिरो टॉलरन्स पॉलिसी आहे,’ असं त्या शाळेनं सांगितलं म्हणे. हा शब्द अमेरिकेतून आलेला. तिथं १९९४ साली केंद्राचा कायदा झाला : शाळेत बंदूक आणणाऱ्याला किमान वर्षभर काढून टाकायचं. ती खरी बंदूक. आणि प्रत्येक प्रकरण बघून शिक्षा कमी-जास्त करायची मुभा त्या कायद्यातच होती. पुढं शाळांचे नियम पसरत पसरत खेळण्यांपर्यंत गेले. २०१३ मध्ये मेरीलँडमधल्या सात वर्षांच्या पोराला दोन दिवस घरी बसवलं, कारण खाऊची वडी चावून चावून त्यानं पिस्तुलासारखी केली होती. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीनं २००८ साली या धोरणाचा आढावा घेतला, तर त्यानं शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळाला नाही. तिथली भीती मात्र पोकळ नाही. क्लीव्हलंडमध्ये २०१४ साली नकली पिस्तूल घेऊन बागेत खेळणारा बारा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीनं गेला. खेळणं ओळखू यावं म्हणून असलेलं नारिंगी टोक त्यावर नव्हतं. अशा देशाचा नियम आपण उचलला, त्यातली मुभा तेवढी तिकडेच ठेवली.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानं आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत गेला की ते छत्र संपतं. नेमकं ज्या वयात पोराला स्वतःलाच स्वतःचं कळेनासं होतं, त्या वयात.

तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार आहेत. पहिलं आलोचना : गुरूंसमोर बसून काय केलं, का केलं, ते न लपवता सांगायचं. संघापासून काही काळ दूर ठेवणं, म्हणजे परिहार, आठवा आहे. आणि त्याच्याही पुढं नववं उपस्थापना, पुन्हा दीक्षा देऊन आत घेणं. हे मुनींसाठी सांगितलेलं आहे, शाळेला जसंच्या तसं लागू होणार नाही, हे मान्य. पण क्रम बघा. शाळेनं सुरुवातच आठव्यापासून केली आणि नववं ठेवलंच नाही.

आणखी एक. शस्त्र दुसऱ्याच्या हाती देणं याला आपल्याकडे हिंसादान म्हणतात, श्रावकानं टाळायच्या अनर्थदंडांपैकी ते एक. ते पिस्तूल मुलाच्या काकांनी जत्रेतून हौसेनं आणलं होतं. काकांना कुणी शाळेत बोलावलं नाही.

रडलेल्या मुलाच्या आईशी मी बोलले. ती म्हणाली, ‘ताई, तुमचा भाव-बिव खरा असेल, माझ्या पोराला रात्री झोप लागत नाही त्याचं काय?’ तिचं बरोबर आहे. चार दिवस त्या दोघांना वेगळं ठेवा, पिस्तूल काढून घ्या, पालकांना बसवा. पण ते का रोखलं, हे पहिल्यानं दुसऱ्याच्या समोर बसून सांगायला हवं होतं. दाखला दिला आणि ते राहून गेलं. झोप न लागणाऱ्या मुलाला अजून ठाऊक नाही, की नेम त्याच्यावरच का होता.