जोडाघरातलं टोकन

चंदीगडात माणसाला आधी सेक्टर विचारतात, नाव मागाहून. मी 37 मध्ये राहतो आणि रविवारी 34 च्या गुरुद्वाऱ्यात जातो. तिथल्या जोडाघरात सेवादार माझ्या चपला दोन्ही हातांनी घेतो आणि टोकन देतो. नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच. चपला परत करायला जेवढं लागतं तेवढंच तो मागतो, म्हणजे फक्त एक आकडा. तो कोण, हे मलाही ठाऊक नसतं. हायकोर्टातला वकीलसुद्धा असेल.

गेल्या महिन्यात नातीला बूट घेतले. बिल फोनवर येईल म्हणून दुकानातल्या मुलाने नंबर मागितला, मी दिला. आठवड्याभरात नीटच्या शिकवण्या, झिरकपूरचे फ्लॅट आणि बिनव्याजी हप्ते, सगळ्यांचे फोन सुरू. नात तिसरीत आहे! जावई म्हणाले, "बाबा, नंबर तुम्हीच दिलात ना?"

दिला खरा, पण बिलासाठी. आता दुकानानेच तो पुढे सरकवला असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तोच नंबर माझ्या हाताने दहा अ‍ॅपांतही गेलेला. दुखणं तेच आहे, जाब कुणाला विचारायचा?

मी बँकेत 34 वर्षं काढली. तिथे लॉकरच्या बाबतीत हाच प्रश्न होता. ग्राहकाच्या लॉकरमध्ये काय आहे हे आम्हाला कधी कळत नसे. ‘आत काय ते ठाऊक नाही, मग जबाबदारी कसली?’ असं म्हणून बँका मोकळ्या होत. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली. पुढच्या वर्षापासून रिझर्व्ह बँकेचा नियम आला: चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली, तर भरपाई वार्षिक भाड्याच्या 100 पट. ठेव ती ठेव. आत सोनं असो की जुनी पत्रं.

डिजिटल माहितीचा 2023 चा कायदा माहिती घेणाऱ्याला ‘फिड्युशियरी’ म्हणतो. आपला शब्द विश्वस्त. ग्राहक स्वतःच्या कर्तव्यात चुकला तरी विश्वस्त सुटत नाही, असं त्याचं आठवं कलम सांगतं. दंड 250 कोटींपर्यंत. जावयांना मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी पंधरावं कलम काढलं: माहिती देताना दुसऱ्याचं सोंग घ्यायचं नाही, नाहीतर आपल्यालाही 10 हजारांपर्यंत दंड. मला तेही पटलं. स्वतःचं नाव झाकणं वेगळं, दुसऱ्याचं पांघरणं वेगळं.

मग ग्रंथसाहिबात गुरू नानकांनंतरच्या पाच गुरूंनी आपल्या रचना ‘नानक’ याच नावाने कशा केल्या? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर त्या पानांवरच होतं. त्यांच्या रचनांच्या माथ्यावर महला 3, महला 5 असा त्या गुरूंचा क्रमांक आहे. नाव सोडलं, पण शब्द कुणाचा याची खूण पुसली नाही. इंटरनेटवर लपूनछपून शिव्या देणाऱ्यांचं निनावीपण या जातीचं नाही. मात्र त्यांच्यापायी सगळ्यांचीच ओळखपत्रं जमा करा म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही.

एकदा माझं टोकन हरवलं. सेवादाराने आधार कार्ड मागितलं नाही. "अंकलजी, चप्पल कैसी है?" एवढंच विचारलं. डाव्या अंगठ्याला काळ्या दोऱ्याची शिवण आहे, म्हटलं. त्याने ती शोधून दिली.

परवा मोजे घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलाने नंबर विचारला. म्हटलं, आधी टोकन दे. त्याला काही उमगलं नाही. मोजे मात्र दिले.