चहा कोणी केला?

विसावा ही चैन आहे की हक्क, हा प्रश्न आपल्या दीनने फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. कुरआनात झोपेला विश्रांती आणि रात्रीला पांघरूण म्हटले आहे. रोज रोजा आणि रात्रभर इबादत करू पाहणाऱ्या एका तरुण सहाबींना पैगंबरांनी (स.) बजावले होते की, तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचा आहे आणि पत्नीचाही आहे. म्हणजे विसावा घेणे हे एक देणे चुकते करण्यासारखे आहे. असरनंतरचा चहा आज आपल्या घराघरांत या विसाव्याचेच दुसरे नाव झाला आहे. म्हणून त्याचा थोडा हिशेब मांडावा, असे आम्हाला वाटते.

चहा आपल्याकडे विसाव्यासाठी आला नाही, विकण्यासाठी आला. इंग्रज सरकारने १९०३ साली चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, खाणी आणि कारखान्यांत चहाचे ठेले लागले. कामगाराचा शीण जावा आणि हात पुन्हा झपाझप चालावेत, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. चहा मिळणे आणि विसावा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच्या कायदेमंडळालाही कळत होते. वीटभट्टीवर एका हाताने कप धरून दुसऱ्या हाताने काम सावरणाऱ्या मजुराला चहा मिळतो, विसावा मिळत नाही.

निवांत चहाचे सर्वांत सुंदर वर्णन उर्दूत मौलाना अबुल कलाम आझाद यांनी केले, तेही तुरुंगातून. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत त्यांना अटक झाली आणि त्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथे त्यांनी मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली. ती त्या वेळी पाठवता आली नाहीत. १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली. पहाटेच्या अंधारात उठावे, चिनी चहा स्वतः दम देऊन तयार करावा आणि घोट घोट घेत बसावे, हा मौलानांचा नेम होता. दूध घातलेल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते. याच कैदेत, एप्रिल १९४३ मध्ये, कलकत्त्यात त्यांच्या बेगम झुलैखा यांचे निधन झाले. सुटकेसाठी त्यांनी सरकारपुढे हात पसरला नाही. ज्याचे दिवस सरकारच्या ताब्यात होते, त्याने पहाटेची ती घटका स्वतःच्या मालकीची ठेवली. वाचकांना या पत्रांत चहाची नजाकत आठवते. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट : तो चहा ते स्वतःच्या हाताने करीत.

बिनदुधाचा चहा आमच्या मोखाड्याच्या पाड्यांवरही असतो. त्याला कोरा चहा म्हणतात, आणि तो आवडीपेक्षा परिस्थितीतून आलेला आहे. पुष्कळदा तो भाकरीच्या आधी भूक मारण्यासाठी घेतला जातो. या तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. कोचाळ्याचे मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे आणि २०१४ पासून त्याचे पाणी मुंबईला जाते. मात्र उन्हाळा लागला की पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन उतार-चढाव तुडवतात. अशा घरी पाहुणा गेला तरी पहिला प्रश्न असतो, चहा ठेवू का?

इथे खरा पेच आहे. त्या एका कपात कोणाच्या तरी मानेचा ताण आहे. तो घ्यावा, तर आपला विसावा दुसऱ्याच्या कष्टावर उभा राहतो. नाकारावा, तर यजमानाच्या इज्जतीला धक्का लागतो. गरिबाला पाहुणचाराचाही हक्क आहे. पुष्कळ विचारांती आम्हाला असे वाटते की, चहा घ्यावा; पण जिने पाणी आणले आणि चूल पेटवली ती उंबऱ्याआड उभी असताना घेऊ नये. ‘बाई, तुम्हीही बसा’ एवढे म्हणायला काही लागत नाही. आणि तिच्या हंड्याचा प्रश्न ग्रामसभेत, तहसील कचेरीत निघेल तेव्हा तो चहा आठवून तिच्या बाजूने बोलावे.

पाड्यावरची ही गोष्ट आपल्या घरांनाही लागू आहे. असरची नमाज झाली की मर्द मंडळी बैठकीत येतात, कप येतात, गप्पा रंगतात. ज्या अम्मीने, बहिणीने किंवा सुनेने चहा केला तिचा कप ओट्यावर निवत असतो, कारण तोवर मगरिबनंतरच्या जेवणाची तयारी सुरू झालेली असते. बुखारी शरीफमध्ये एक हदीस आहे. सेवक जेवण घेऊन आला तर त्याला सोबत बसवा, ते जमले नाही तर निदान एक-दोन घास द्या, कारण आच आणि मेहनत त्याने सोसली आहे. सेवकाविषयी जर हा आदेश आहे, तर घरच्या बाईविषयी काय असेल? पैगंबर (स.) घरी काय करीत, असे विचारल्यावर हजरत आयेशांनी (र.) सांगितले की ते घरच्यांच्या कामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत.

कोणी म्हणेल, आमच्या बायकांना चहा करून देण्यात आनंद वाटतो, तुम्ही उगीच वाद काढता. आनंद वाटतही असेल. देण्यातला आनंद आम्हीही मानतो. पण जो आनंद नेहमी एकाच बाजूला देण्याचा आणि दुसऱ्या बाजूला घेण्याचा असतो, त्याची एकदा अदलाबदल करून पाहायला काय हरकत आहे? मुलगा दहावीला गेला, त्याला त्रिकोणमिती येते, आणि पातेल्यात पाणी किती घालावे हे कळत नाही, ही काही अभिमानाची बाब नव्हे.

शिक्षक म्हणून आणखी एक सांगितले पाहिजे. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल, ढाबे आणि चहाच्या टपऱ्यांवर चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने ती जवळपास सर्वच कामांना लागू झाली. तरीही कुठे एखादा लहान हात आपल्यापुढे कटिंग ठेवतो. त्या वेळी तो वर्गात असायला हवा होता. तो चहा पिऊन आपल्याला कसला विसावा मिळणार?

यासाठी फार मोठी सुधारणा लागत नाही. दिवसातला एक चहा असा ठेवावा की तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील, आळीपाळीने कोणीतरी चहा करील, सगळे बसल्याशिवाय पहिला घोट कोणी घेणार नाही आणि ज्याचा कप त्याने धुवावा. पंधरा मिनिटे पुरतात. शरीराचा हक्क त्यात अदा होतो, आणि चहा करणाराचाही.