पौलाचा दाखला आणि अँड्रिया येगर



प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहितांना शर्यतीत धावणाऱ्यांचा दाखला घेतला आहे. त्या नगराजवळ मोठे खेळ होत व जिंकणाऱ्यास पानांचा मुगुट मिळे, हे त्याच्या वाचकांस ठाऊक होते. आज आपण अशाच एका खेळाडू मुलीचा विचार करू.

अँड्रिया येगर अमेरिकेतील शिकागोची. १९८० साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, ती टेनिस हा धंदा म्हणून खेळू लागली, आणि १९८१ साली जगातील स्त्रियांत तिचा दुसरा क्रमांक लागला. बाप पूर्वी मुष्टियुद्ध खेळलेला. तोच तिचा शिक्षक, व त्याची शिस्त कडक. १९८३ साली विंबल्डन येथे बिली जीन किंग हिला ६-१, ६-१ असे हरवून ती अंतिम सामन्यास पोहोंचली, आणि तेथे मार्टिना नवरातिलोव्हा हिच्याकडून ६-०, ६-३ अशी हरली. पुष्कळ वर्षांनी तिने सांगितले की, आदल्या रात्री बापाशी भांडण होऊन ती बाहेर पडली, मदतीसाठी मार्टिनाच्याच दारी गेली, आणि दुसऱ्या दिवशी मन लावून खेळलीच नाही. अठरा वर्षांची पोर!

आईबापांनो, ज्या लेकरास स्तोत्रे लवकर पाठ होतात त्यास आपण प्रत्येक पाहुण्यापुढे उभे करितो, आणि एखादी ओळ चुकली की पाहुणा गेल्यावर त्यास मार बसतो. ते दान देवाने लेकरास दिले, की आपणांस मिरविण्यास?

१९८५ साली, विशीच्या उंबरठ्यावर, तिचा खांदा दुखावला. शस्त्रक्रिया झाल्या, पण तो पूर्ववत् झाला नाही व थोडक्याच वर्षांत खेळ सुटला. असे झाले की गावांत लोक म्हणतात, देवाचा कोप झाला. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनीहि असाच प्रश्न केला होता, व प्रभूने तो विचार मान्य केला नाही.

खेळत असतांनाच ती दवाखान्यांतील आजारी मुलांस भेटावयास जात असे. १९९० साली तिने स्वतःच्या कमाईचा पैसा घालून कर्करोगाने पीडित मुलांकरितां संस्था काढिली. २००६ साली तिने अँग्लिकन मंडळीच्या डोमिनिकन संघांत व्रत घेतले. आपल्यांत ती चाल नाही, पण त्यावरून वाद नको. कोलोरॅडोतील ॲस्पेन या डोंगरी गावी तिने त्या मुलांस बोलाविले, घोड्यावर बसविले, नदींत नावेतून नेले. त्यांतील कित्येकांस आपण मोठे होऊ की नाही हेहि ठाऊक नव्हते.