ब्लॉक केलेला मित्र

आजचा श्लोक : गीता, अध्याय 6, श्लोक 9

या एका श्लोकात भगवंतांनी नऊ प्रकारची माणसं मोजली आहेत : निरपेक्षपणे भलं करणारा, मित्र, शत्रू, उदासीन, मध्यस्थ, ज्याचा राग येतो तो, आप्त, साधू आणि पापी. या सगळ्यांविषयी ज्याची बुद्धी सम, तो श्रेष्ठ. वाचताना मला माझी कॉन्टॅक्ट लिस्टच आठवली. त्यातलं एक नाव ब्लॉक आहे.

तो माझा माजलगावचा शाळेतला मित्र. त्याचं घर आमच्याच गल्लीत. 30 ऑक्टोबर 2023 ला आरक्षणाच्या आंदोलनात गावात आमदारांचं घर पेटवलं गेलं. जिल्ह्यात संचारबंदी, इंटरनेट बंद. मी पुण्यात. तेव्हा यानेच फोन केला, "काका-काकू ठीक आहेत. मी आहे इथं, टेन्शन घेऊ नको."

मग 2024 ची लोकसभा आली. बीडमध्ये माणसाच्या आधी आडनाव बघायचे दिवस होते. (2025 मध्ये तर पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावच काढावं लागलं!) त्याचं आडनाव वेगळं, माझं वेगळं. त्याच्या स्टेटसला रोज आमच्या समाजाबद्दल काहीतरी. एका रात्री मी त्याला ब्लॉक केलं. वाटलं, आता डोकं शांत होईल. पण दुसऱ्याच दिवशी मी बायकोच्या फोनवरून त्याचं फेसबुक बघत होतो.

मित्रांनो, ब्लॉक करणं हे पाप नाही. कुणी धमकावत असेल, छळत असेल तर जरूर करा. भगवंतही शत्रूला शत्रूच म्हणतात, त्याला यादीतून गाळत नाहीत आणि गळ्यात पडायलाही सांगत नाहीत. ते फक्त आपली बुद्धी तपासायला सांगतात. लांब राहून मन निवलं, तर ते अंतर योग्य. मन जास्तच पेटलं, तर आपण माणूस काढला आणि द्वेष ठेवून घेतला.

काल मी ब्लॉक काढला. व्हॉट्सॲपवर ब्लॉक असताना आलेले मेसेज नंतरही मिळत नाहीत. त्या काळात त्याने शिवी पाठवली की सॉरी, मला कधीच दिसणार नाही. आता ते त्यालाच विचारावं लागेल. संध्याकाळी फोन करणार आहे. काय बोलायचं, अजून सुचलेलं नाही.

तुमच्या यादीत असं एखादं नाव आहे का? आज जपाला बसण्याआधी ते एकदा आठवा. राग आला तरी चालेल, पण आठवा.

🙏 जय श्रीकृष्ण