भेटीला जाताना आपण काय नेतो?



नाताळ म्हणजे भेटीगाठींचा सण. मिस्सा झाली की पावले आपोआप आईवडिलांच्या, आजी-आजोबांच्या घराकडे वळतात. २०२० साली मात्र ती उंबरठ्यावरच अडखळली. त्या वर्षी २५ डिसेंबर शुक्रवारी आला होता, म्हणजे सलग तीन दिवसांची सुट्टी. एरवी ती पर्वणी ठरली असती. पण कोरोनामुळे २२ डिसेंबरपासून महानगरपालिकांच्या हद्दीत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी लागू झाली. मध्यरात्रीची मिस्सा लवकर अर्पण करावी लागली. लोकल गाडी अजून सर्वांसाठी खुली नव्हती. चर्चची दारे उघडून जेमतेम महिना-सव्वा महिना झाला होता.

त्या दिवसांत घरोघरी एकच प्रश्न होता : जावे की न जावे?

हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला असेल. अंधेरी, वांद्रे, कुर्ला येथील जुन्या गावठाणांत जे क्रूस दिसतात, त्यांतील कित्येक १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगच्या काळात उभारलेले आहेत. त्या वेळीही साथ एकटी आली नाही. १८९७ साली सरकारने साथरोग कायदा केला, घरांच्या झडत्या सुरू झाल्या, लोक संतापले आणि त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांचा खून झाला. तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला. रोगाची भीती आणि राजकारणाचा ताप हे जुने सोबती आहेत.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. मुलगा बोरिवलीला, सत्तरी ओलांडलेली आई मरोळच्या गावठाणात एकटी. आई फोनवर म्हणते, “मरण यायचे तेव्हा येईल. मी नेवऱ्या करून ठेवल्या आहेत. तुम्ही या.” मुलाने काय करावे?

स्वतःचा जीव धोक्यात घालणे हे कधी कधी धैर्य असते. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हे धैर्य नव्हे. म्हणून ‘मला भीती वाटत नाही’ हे जाण्याचे कारण होऊ शकत नाही. पण आईने स्वतःच बोलावले असेल तर? तिच्या होकाराला मोल आहेच, मात्र तो सर्व ठाऊक असून दिलेला हवा. मुलगा कालपर्यंत कुठे कुठे गेला होता, नातवाला खोकला आहे का, हे तिला कळायला हवे. भेटीच्या ओढीने जो हे लपवतो, तो आईचा निर्णय चोरतो. आणि ‘तुझ्या भल्यासाठीच आम्ही येत नाही’ असे तिला न विचारता ठरवून टाकतो, तोही चोरतोच. म्हातारपण आले म्हणून माणूस काचेचे भांडे होत नाही. स्वतःच्या उरलेल्या दिवसांविषयी बोलण्याचा हक्क त्याला शेवटपर्यंत असतो. तेव्हा पहिले कर्तव्य जाण्याचे नाही आणि न जाण्याचेही नाही. पहिले कर्तव्य खरे सांगण्याचे आणि विचारण्याचे. त्यानंतर कोणी गेले आणि अंगणात, तोंडाला मास्क लावून, अंतर ठेवून बसले. कोणी गेले नाही. दोघांनीही प्रेमच केले.

परंतु आपण घरी नेतो तो केवळ विषाणू नसतो. त्याच डिसेंबरात दिल्लीच्या सीमेवर शेतकऱ्यांचे आंदोलन चालू होते. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी, वय वर्षे ८३, ऑक्टोबरपासून तळोजाच्या तुरुंगात कच्चे कैदी होते. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काका एक पाठवत, पुतण्या दुसरे. भेट होण्याआधीच भांडण होऊन गेलेले असे. कोरोनाने आपल्याला एक गोष्ट शिकवली : लक्षणे नसलेला माणूसही रोग वाहून नेतो. द्वेषाचेही तसेच आहे. आपण बरे आहोत, रागावलेले तर ते आहेत, असे प्रत्येकाला वाटते.

मग जेवणाच्या टेबलावर राजकारण काढूच नये का? पुष्कळ घरांनी तसा नियम केला आहे. तो सोयीचा आहे, पण तो पुरेसा नाही. पुढच्याच वर्षी, ५ जुलै २०२१ रोजी, फादर स्टॅन वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात वारले. त्यांच्यावरचा खटला उभाच राहिला नव्हता. अशा गोष्टीविषयी घरात कोणीच काही बोलायचे नाही, याला शांती म्हणावे की केवळ झाकण?

२०२० च्या नाताळानंतरचा रविवार, २७ डिसेंबर, पवित्र कुटुंबाचा सण होता. त्या दिवशीच्या शुभवर्तमानातही एक कौटुंबिक भेट आहे. तरुण आईबाप तान्ह्या बाळाला घेऊन मंदिरात येतात. तेथे वृद्ध शिमोन आहे, ८४ वर्षांची हन्ना आहे. शिमोन बाळाला हातांवर घेतो. (त्या वर्षी किती आजोबांचे हात रिकामे राहिले!) आणि मग तो गोडगोड बोलत नाही. या मुलामुळे पुष्कळांचा विरोध उफाळेल, आईच्या काळजातून तलवार जाईल, असे तो सांगतो. आनंदाच्या दिवशी एवढे कडू सत्य! पण क्रम पाहा. आधी तो बाळाला जवळ घेतो, मग आईबापांना आशीर्वाद देतो आणि त्यानंतर बोलतो.

हा क्रम आपण उलटा करतो. आधी बोलतो, मग दुखावतो आणि जवळ घ्यायचे राहूनच जाते. ज्याला आपण जवळ घेतले आहे, त्याला सत्य सांगता येते. ज्याला फक्त हरवायचे आहे, त्याला सांगितलेले सत्य दगडासारखे लागते.

म्हणून यंदा भेटीला निघण्यापूर्वी तीन साध्या गोष्टी करू या. अंगात कणकण असेल तर आधी कळवू या आणि घरच्यांचे म्हणणे ऐकू या. जे फॉरवर्ड आपण स्वतः तपासलेले नाही, ते दुसऱ्याच्या घरी नेऊ नये. आणि ज्यांच्याशी मतभेद आहेत, त्यांची तब्येत आधी विचारू या, मत नंतर सांगू या.

२०२० साली ‘पुढच्या वर्षी भेटू’ असे म्हणून फोन ठेवलेल्या कित्येकांना पुढचे वर्ष मिळाले नाही. आपल्याला हे वर्ष मिळाले आहे. ज्या काकाशी तेव्हापासून अबोला आहे, त्याचे घर बहुधा दोन-चार स्टेशनांवरच असेल. आता गाड्या चालू आहेत.