अज्ञान मल्ल आणि त्याचे विश्वस्त

खानापूर तालुक्यातील गावांत देवाची जत्रा भरली, म्हणजे पालखी, नैवेद्य आणि भजन यांच्या जोडीस अनेक ठिकाणी कुस्त्यांचे मैदानही भरते. या मैदानाचा आरंभ नामांकित मल्लांनी होत नाही. हलगी कडाडू लागते आणि प्रथम आखाड्यात उतरतात ती सहा-आठ वर्षांची पोरे. या रेवड्यांच्या कुस्त्या. पोरांनी धराधरी करावी, लाल मातीत लोळावे, आणि पंचाने दोघांच्याही हाती मूठभर रेवड्या वा खोबऱ्याची वाटी ठेवावी. कोण जिंकले नि कोण हरले, हे सायंकाळपर्यंत कोणाच्या ध्यानातही राहत नाही. हे दृश्य कौतुकाने पाहणे सोपे आहे. त्यामागील प्रश्न मात्र तितका सोपा नाही. जे मूल स्वतः निवड करण्याच्या वयाचे नाही, त्याचे शरीर एखाद्या विद्येच्या स्वाधीन करण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांस कोठून प्राप्त होतो?

मूल जाणते होईपर्यंत थांबावे, हे उत्तर येथे चालत नाही. कुस्ती ही अठराव्या वर्षी आरंभ करण्याची विद्या नव्हे. पडावे कसे, मान कशी राखावी, समोरच्याच्या खांद्याच्या हालचालीवरून त्याचा डाव कसा ओळखावा, हे बुद्धीने समजून घेण्याआधी अंगात मुरावे लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे वडील स्वतः मल्ल होते. मुलाला मातीची ओळख घरातूनच झाली. मातीत वाढलेल्या या मल्लास १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मॅट नवी होती, तरी तो सहावा आला. आणि १९५२ साली हेलसिंकी येथे त्याने कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातील ते पहिले ऑलिंपिक पदक. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. अशा कर्तृत्वाचे मूळ बालपणीच्या मेहनतीत असते. तेव्हा मुलाने निवड करावी यासाठी थांबावे, तर निवडण्यासारखे काही उरत नाही. आणि न थांबता आरंभ करावा, तर निवड त्याची राहत नाही. असा हा पेच आहे.

कोणी म्हणेल, सारे संगोपन असेच असते. मातृभाषा कोण निवडतो? आठव्या वर्षी मुंज लावताना बटूस कोण विचारतो? गवयाचा मुलगा तंबोऱ्याजवळच वाढतो. हे म्हणणे खरे आहे, परंतु अपुरे आहे. नको झालेले गाणे विसरता येते. चुरगळून घट्ट झालेला कान, दुखावलेली मान, वाढीच्या वयात निकामी झालेला गुडघा हे आयुष्यभर सोबत राहतात. शिवाय तालमीत दिलेली वर्षे बहुधा शाळेतून काढून घेतलेली असतात. ज्या संस्काराची किंमत शरीराने मोजावयाची, त्याच्या समर्थनार्थ केवळ ‘रीत आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही.

दुसरे एक समर्थन आपल्या बोलण्यातच रुळलेले आहे: मूल म्हणजे मातीचा गोळा, आकार द्यावा तसा येतो. खानापूरच्या लोकांना ही उपमा अधिकच जवळची वाटावी, कारण येथील माती कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे. परंतु मडके कुंभारासाठी असते. मूल वस्तादासाठी नसते. चाकावरच्या मातीला ‘आता पुरे’ असे म्हणता येत नाही; मुलाला म्हणता येते. जे बोलू शकते त्याला मातीचा गोळा समजणे ही उपमेची चूक नव्हे, न्यायाची चूक आहे.

कायद्याने या प्रश्नाचा विचार आपल्या परीने केलेला आहे. १८६० च्या दंडसंहितेत एक उदाहरण होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. दोन माणसे करमणुकीखातर एकमेकांशी तलवारीचे हात खेळावयाचे ठरवितात. लबाडी न करता खेळताना कोणास इजा झाली, तर तो गुन्हा नव्हे. कारण खेळातील इजा सोसण्यास दोघांची संमती असते. मात्र ही संमती देणारा अठरा वर्षांवरील असावा लागतो. बारा वर्षांखालील मुलाबाबत पालकाच्या संमतीस कायदा मान देतो, पण कृत्य सद्भावाने आणि मुलाच्या हितासाठी केलेले असेल तरच. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे सूत्रही हेच: पालक नेमताना न्यायालयाने अज्ञानाचे हित सर्वोपरी मानावे. प्रौढ माणूस स्वतःच्या इच्छेने खेळतो; मूल मात्र दुसऱ्याने ओळखलेल्या स्वतःच्या हितासाठी खेळते. मग ते हित खरोखर मुलाचे आहे की ओळखणाऱ्याचे, हे पाहणे ओघानेच आले.

देवस्थानाशी संबंध असलेल्या आमच्या वाचकांस हा विचार परका वाटू नये. आपल्या न्यायशास्त्रात देवमूर्ती ही एक व्यक्ती मानली जाते. तिच्या नावे जमीन असते, तिच्या वतीने दावा लावता येतो, आणि काही बाबतींत तिची स्थिती अज्ञान बालकासारखी धरली जाते. महाजन, पंच वा विश्वस्त देवाच्या संपत्तीची व्यवस्था पाहतात, पण मालक होत नाहीत. देवाचा एक नारळही त्यांनी स्वतःच्या खासगी देण्यात घालू नये. एवढेच नव्हे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने एका बंगाली कुटुंबाच्या कुलदेवतेच्या प्रकरणात असे मानले, की मूर्ती कोठे असावी याविषयी देवाच्या इच्छेचा आदर झाला पाहिजे, आणि ती मांडण्यासाठी हितसंबंध नसलेला कोणी प्रतिनिधी असावा. जो देव मुखाने बोलत नाही, त्याच्याही इच्छेचा शोध घेणे न्यायाधीशांस आवश्यक वाटले. मग जे मूल मान दुखली म्हणून रडते, त्याची इच्छा विचारात न घेणाऱ्या विश्वस्तास काय म्हणावे? कायद्याच्या मराठीत मुलाला ‘अज्ञान’ म्हणतात. पण स्वतःच्या दुखण्याविषयी ते पूर्ण सज्ञान असते.

आमच्या मते वडील, वस्ताद आणि गाव हे मुलाच्या शरीराचे विश्वस्त आहेत. या भूमिकेतून एक साधी कसोटी निघते: हे मूल उद्या चौदाव्या वर्षी ‘मला कुस्ती नको’ म्हणाले, तर आजवरच्या शिक्षणाने त्याचे भले झालेले असेल काय? चांगल्या तालमीचा क्रम या कसोटीस उतरतो. आरंभीची वर्षे खेळाची: माती भुसभुशीत करावी, त्यात पडावे, उठावे, मारुतीपुढे नमस्कार करावा, जोडीदाराला इजा होऊ न देता धरण्यास शिकावे. मग बेताचे जोर-बैठका नि मल्लखांब. मग थोडेच डाव, एकेरी पट किंवा ढाक, पण ते अंगी बाणेपर्यंत. या काळात थोरला पठ्ठा धाकट्याला खेळवतो, स्वतः खाली जाऊन त्याला वर येऊ देतो. शक्ती असूनही ती आवरावी, हा धडा थोरल्याला त्यातूनच मिळतो. खरी चुरशीची लढत सर्वांत शेवटी. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांची वर्गवारी वय, आकार आणि बळ यांवरून केली. आजची जागतिक कुस्ती संघटनाही वयोगट नि वजनगट पाडते. जोड सारखी असावी, हा मल्लविद्येतील जुना न्याय आहे. या क्रमाने वाढलेला मुलगा मध्येच थांबला, तरी निर्भय, काटक आणि हार पचविणारा होऊन घरी परततो. त्याचे काही बुडालेले नसते.

या कसोटीस उतरत नाही ती दुसरीच गोष्ट. रेवड्यांच्या जागी नोटांची थैली आली, की आखाड्यात पोर तेच असते, पण कुस्ती बदलते. रेवड्यांसाठी पडलेले पोर हसत उठते; हजारांच्या इनामासाठी पडलेल्या पोराबरोबर त्याचा बाप पडतो, वस्ताद पडतो, गाव पडते. दुधाच्या म्हशी विकून नि शेत गहाण टाकून ज्याचा खुराक चालविला, त्या दहा वर्षांच्या मुलाला ‘नको’ म्हणण्याची वाट उरत नाही. तो घराचे कर्ज अंगावर घेऊन लढतो. अज्ञानाने केलेला करार कायदा मानीत नाही. परंतु हा न लिहिलेला करार घरोघर वसूल केला जातो. बापाचा त्याग खरा असतो, त्याची माया खरी असते, हे आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच ही गोष्ट कठीण आहे. दुष्ट पालकाला ओळखणे सोपे. स्वतःच्या अपुऱ्या राहिलेल्या स्वप्नासाठी मुलावर जीव टाकणारा पालक ओळखता येत नाही, कारण त्याचे त्यालाही ते ठाऊक नसते.

वस्तादाच्या अधिकारासही हाच न्याय लागू आहे. गुरूवर श्रद्धा असावी. पण ज्या श्रद्धेला कोणाची नजर लागत नाही, ती शिष्यासाठी धोक्याची ठरते. २०२३ साली दिल्लीत जंतरमंतरवर नामवंत महिला मल्ल लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन बसल्या, तेव्हा प्रत्येक आईबापाच्या मनात हा विचार आला असेल. आता मुलीही आखाड्यात उतरत आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण ज्या तालमीचे दार पालकांसाठी केव्हाही उघडे नाही, तेथे मुलगा काय नि मुलगी काय, कोणासच पाठवू नये.

जत्रेचे मैदान बहुधा देवाच्या नावाने भरते. तेव्हा देवस्थानच्या पंचांकडे येथे मोठे काम आहे. लहानांच्या कुस्तीला रोख इनाम लावू नये. वय नि वजन पाहून जोड लावावी. पोर रडू लागताच कुस्ती सोडवावी, आणि त्यास हार समजू नये. बक्षीस द्यावयाचेच तर दूध, पुस्तके वा शाळेची फी या रूपाने, आणि ते दोघांसही द्यावे. यात कुस्तीचे काही उणे होणार नाही. सज्ञान झाल्यावर जो मल्ल आपण होऊन लंगोट कसतो, त्याच्याच कुस्तीला खरी रंगत असते; आणि पुढे कधी आपण होऊन कसता यावा, एवढ्यासाठीच बालपणी त्याला मातीची ओळख करून द्यावयाची असते. पालकाने मुलाच्या वतीने केलेली निवड ही उसनवारी आहे. योग्य वेळी ती ज्याची त्याला परत करावयाची, हे ज्याच्या ध्यानात आहे, त्याने आपल्या मुलाला खुशाल आखाड्यात न्यावे.